अकराचा हापसा

पौष लागला की नगरहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर हुरड्याच्या पाट्या उगवतात. मांडव, बाजा, दोराचे झोपाळे, ‘गुळभेंडीचा अस्सल हुरडा’. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, मैलाच्या दगडांवरची अक्षरं बदलली, हुरड्याच्या पाट्या मात्र होत्या तशाच राहिल्या. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजल्याचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या तळहातांना घाम सुटतो. मी हुरडा खातो, चांगला दोन-तीन वाट्या खातो, पण अकरा वाजायला आले की हात आखडून बसतो. कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणून सांगतो. खरं कारण सांगायला वेळ फार लागतो आणि त्यात मी काही शोभून दिसत नाही.

माझा धंदा दगडाचं ऐकण्याचा. डोंगराच्या पोटातून बोगदा काढला की वरचा डोंगर नव्यानं बसायला लागतो, म्हातारं माणूस कुरकुरत खुर्चीत टेकतं तसा. ती कुरकुर आपल्या कानाला लागत नाही. म्हणून खडकाला भोकं पाडायची, त्यात जिओफोन नावाचे यंत्राचे कान सिमेंटनं पक्के बसवायचे, वायरी बाहेर आणायच्या आणि उमटणारी रेघ वर्षानुवर्षं बघत बसायचं. बोगदा खोदणारे खोदून जातात, कोनशिला बसते, पाणी वाहायला लागतं, ऐकणारा तिथंच राहतो. बायको म्हणते, "तुम्हाला जामखेडच्या डोंगरातला दगड ऐकू येतो, ओट्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही." खरं आहे. आजवर मी डाळ किती वेळा करपवली याची नोंद कुठल्याच यंत्रात नाही, म्हणून संसार टिकला.

यंदा ते सांगायला निमित्त झालं ते गेल्या आठवड्यात मोबाईलवर आलेल्या रेघेचं. आता ते कान आपली रेघ थेट माझ्या खिशात पाठवतात. सकाळचे अकरा. तीन ठोके, सारख्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशीही. त्या बोगद्यात असे तीन ठोके मारायची सवय एकाच माणसाला होती, याकोबमामांना. मामा दोन पावसाळ्यांपूर्वी गेले. त्यांच्या मातीला मी स्वतः हजर होतो.

जामखेडकडच्या डोंगरातून पाण्यासाठी बोगदा चालला होता तेव्हाची गोष्ट. मी नवा, डोक्यावरची टोपी नवी, खिशातली वही नवी. पहिल्या दिवशी टोपीवरचा दिवा उलट्या बाजूला लावून आत शिरलो आणि माझ्या मागून येणाऱ्या माणसांना शंभर पावलं छान उजेड दाखवला. मागून एक शांत आवाज आला, "सायेब, फुडं बी अंधारच हाय."

ते याकोबमामा. खालच्या वस्तीवरचे, साठीला आलेले, हातात पुरुषभर उंचीची पहार. दहाला सुरुंग उडायचे, अकरापर्यंत धूर निघून जायचा, आणि मग सगळ्यांच्या आधी मामा एकटे आत जायचे. सुटलेले दगड पहारेनं पाडायचे, दर दहा पावलांवर छताला तीन ठोके द्यायचे आणि मान तिरपी करून थांबायचे. बाकीची माणसं तोंडाशी नारळ फोडत. मामा टोपी काढून क्षणभर नुसते उभे राहत आणि आत जात.

"चांगला दगड बोलतो, सायेब," त्यांनी मला शिकवलं होतं. "पोकळ दगड भदभदतो. त्योबी चालंल, त्याला पाडता येतं. पन वाजता वाजता जो गप होतो ना, त्याच्याखाली उभं ऱ्हायचं न्हाई."

भेगांवर ते सिमेंटनं काचेच्या पट्ट्या चिकटवायचे. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. या पट्ट्यांना सगळे साक्षीदार म्हणत. माझी आठ यंत्रं, त्यांच्या बावीस काचा. मी आत गेलो की त्या काचा दिव्याच्या उजेडात एकेक करून डोळे उघडत, आणि पुढे गेलो की मागे मिटत.

थंडीच्या दिवसांत त्या बोगद्याला श्वास होता. बाहेर पहाटेचं दव पडलेलं, हाताची बोटं वळत नाहीत, आणि बोगद्याच्या तोंडातून उबदार वाफ निघते आहे, संथ, थांबून थांबून. तिला ओला दगड, डिझेल आणि सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास. त्या वाफेत शिरताना आपण कुणाच्यातरी तोंडात चाललो आहोत असं वाटे. भूशास्त्राची पदवी असलेल्या माणसानं असं म्हणू नये. मी म्हणतही नव्हतो. फक्त आत शिरताना डोकं जरा खाली घालत होतो, उगाच दात लागायला नकोत.

हापशाचं प्रकरण घडलं ते दिवाळीनंतर. माझ्या यंत्रांनी छताच्या वरच्या अंगाला ठोके पकडले. जोरकस, रोज अकराच्या सुमाराला. कुठल्या कानाला आवाज आधी लागला आणि कुठल्याला नंतर, यावरून त्याची जागा काढता येते. जागा निघाली जमिनीखाली वीस मीटरवर, आणि आमचं छत होतं सदतीस मीटरवर. मी हादरलो. भोंगा वाजवला, सगळी माणसं बाहेर काढली, साइटवरच्या मोठ्या साहेबांना ऑफिसच्या फोनवरून "डोंगर सरकतोय" असं सांगितलं. अर्धा दिवस काम बंद. दुपारी साहेब, मी आणि मागोमाग निम्मी माणसं डोंगरावर चढलो, नेमक्या त्या जागेवर पोचलो. तिथं ज्वारीचं शेत होतं. शेताच्या कडेला हापसा होता. हापशावर मामांची बायको, मार्थामामी, कळशी भरत होती. खट-खुट, खट-खुट. हापशाच्या बोअरचा पाइप आमच्या छताच्या दिशेनं सरळ खाली गेलेला, त्यामुळे त्याचा प्रत्येक हिसका माझ्या कानांत पोचत होता. वस्तीवरच्या बायका रोज अकराला पाण्याला येत.

मामींनी कळशी बाजूला ठेवली. "आमी पानी भरू का नको मग?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग डोंगर खरोखरच हलला. मामासुद्धा पहारेवर हनुवटी टेकवून हसत होते.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. जेवताना कुणी ताटली आपटली तरी "सायेब, हापसा आला बघा." साहेब फोनवर म्हणायचे, "आज हापसा काय म्हणतो?" मीही हसायचो. स्वतःवर हसणारा माणूस मोठ्या मनाचा दिसतो, आणि त्याला दुसरा इलाजही नसतो. मग मी एक सोपी युक्ती केली. अकराच्या सुमाराचा, वरच्या अंगाचा ठोका आला की वहीत वेळ, संख्या आणि खोली टिपायची, समोर ‘ह’ लिहायचं आणि पान उलटायचं. ह म्हणजे हापसा. रेघ उघडून बघायचीसुद्धा नाही. या शोधाचा मला अभिमान वाटत होता. पुढे कितीतरी दिवस माझ्या वहीत नुसते ह, ह, ह. कुणी दुरून पाहिली असती तर वही हसते आहे असं वाटलं असतं.

पौषात मामींनी हुरड्याला बोलावलं. "कामावर जायच्या आदी वर या, ऊन पडलं की." मी वर गेलो तेव्हा आगटीतून धूर सरळ वर चढत होता. मामी गरम कणसं तळहातांत चोळून दाणे पत्रावळीवर टाकत होत्या. लसणाची चटणी, गूळ, खाली पडलेली पिकली बोरं. थंडीत कोवळ्या दाण्याची वाफ टाळूला लागते, त्यासारखं जगात काही नाही. खाली दहाचे सुरुंग उडाले, मांडीखालची जमीन हलकेच थरथरली, ज्वारीतल्या चिमण्या उडाल्या आणि परत बसल्या.

मी पाणी मागितलं.

"हिरीचं शेंदून आनलंय, खारं लागंल," मामी म्हणाल्या. "हापसा मोडून नऊ दिस झालं. दांडा नागापूरला गेलाय दुरुस्तीला."

मी हसत मान वळवली. हापशाचा दांडा खरंच नव्हता. तोटीला बाभळीची फांदी बांधलेली, आणि तोटीपासून ओट्यापर्यंत कोळ्याचं मोठं जाळं, सावलीत अजून दव धरलेलं, एक धागासुद्धा तुटलेला नाही.

दाणे माझ्या तोंडातच राहिले.

वही खिशात होती. मी काढली. नऊ दिवस मागे गेलो. ह. ह. ह. रोज. अकराच्या सुमाराला. काही दिवस तर आधीपेक्षा जास्त. मग माझी नजर पहिल्यांदा शेजारच्या रकान्यावर गेली, जो मी रोज माझ्याच हातानं, न बघता भरत होतो. खोली. वीस मीटर. बावीस. बावीस. पंचवीस. अठ्ठावीस. तीस. तेहतीस. चौतीस. काल, पस्तीस.

जो कुणी ठोकत होता तो रोज थोडा खाली येत होता.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. अकराला मामा एकटे आत जाणार. त्या वेळी त्या डोंगरावर मोबाईलला रेंज नव्हती. मी उठलो.

"कुठं चालला?" मामी म्हणाल्या. "मामांना बोलवून आणतो, हुरड्याला," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात वाईट थाप असावी. मामींचे हात कणसावर तसेच थांबले होते.

पायवाटेनं खाली उतरायला वीस मिनिटं लागतात. धावताना एक चप्पल घाणेरीच्या झुडपात गेली, दुसरी मीच सोडून दिली. मुठीत हुरड्याचे दाणे होते, ते टाकावेत हेही सुचलं नाही. धावता धावता एकच गोष्ट डोक्यात येत होती, आणि तिची मला आजही लाज वाटते. जाळं नसतं तर बरं झालं असतं. म्हणजे हापसा चालू असता, मी पुन्हा एकदा मूर्ख ठरलो असतो आणि दिवस सुखात गेला असता.

बोगद्याच्या तोंडाशी माणसं उन्हाला बसली होती. "मामा कुठायत?"

"आत गेल्यात. म्हनले, आज तुमी बसा निवांत, म्या बोलावल्याबिगर येऊ नका."

वाफ संथपणे बाहेर येत होती. मी अनवाणी आत शिरलो. आत दूरवर मामांच्या दिव्याचा ठिपका दिसायला हवा होता, तो नव्हता. साक्षीदार एकेक करून डोळे उघडत होते, मागे मिटत होते. माझ्या पावलांचा आवाज पुढे जाऊन परत येत होता, आणि परत येणारी पावलं माझ्यापेक्षा एकानं जास्त आहेत असं वाटत होतं. मी मोजायचं थांबवलं.

मामा उभे होते. दिवा विझवलेला. पहारेचं एक टोक छताला टेकवलेलं, दुसरं कानाला. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. माझ्या उजेडात त्यांचे डोळे मिटलेले दिसले. त्यांनी एक बोट वर केलं. मी थांबलो. पहार कानाला नसूनही मला तो ठोका ऐकू आला, तळपायांतून. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ. हापशाला माणसाच्या दंडाची लय असते, याला नव्हती. दार वाजवावं आणि आत कुणी आहे का याचा कानोसा घ्यावा, तसा तो थांबत होता.

"सायेब," मामा कुजबुजले, "वर कोन ठोकतंय? हापसा तर बंद हाय."

"मामा, चला."

"नऊ दिस ऐकतोय म्या."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पहार हळूच छतावरून सोडवली. "तुमच्या मशिनीला कळलंच आसंल म्हनलं. तुमी काय बोलला न्हाईत. म्हनलं आपुनच बोललो तर माजाबी हापसा व्हायचा."

आम्ही उलट्या पावलांनी निघालो, छताकडे बघत, दरबारातून निघावं तसे. वीसेक पावलं आलो असू, तेव्हा मागे काच तडकल्याचा बारीक आवाज झाला. टिच्. मग दुसरी. मामांनी माझं मनगट धरलं. "पळायचं न्हाई. पळलं की ठेचकाळतो मानूस." आणि आम्ही चालत, खरोखर चालत, उजेडात आलो.

दुपारी छत खाली आलं. आवाज फार झाला नाही, एक लांब उसासा आणि मग धूळ. बैठ्या घराएवढा दगड, बरोबर तिथं जिथं मामा पहार लावून उभे होते. दोन काळ्या थरांच्या मधोमध लाल मातीचा पट्टा उघडा पडला होता, ओला, चकचकीत, जिभेसारखा. पावसाचं पाणी त्यात महिनोन्महिने मुरत आलं होतं. रोज दहाला सुरुंगाचा धक्का बसायचा, तासाभरानं तो पट्टा आणखी थोडा सुटायचा, आणि ती वेळ नेमकी पाण्याच्या कळशांची. दगडाला काही आमची थट्टा करायची नव्हती. पण हे समजलं म्हणून भीती कमी होत नाही. उलट ज्याला आपली दखलच नाही त्याच्या पोटात आपण रोज डोकं घालत होतो, हे जास्त वाईट.

पुढचं सांगायला मला खरा संकोच वाटतो. मोठे साहेब आले, म्हणाले, "मशीननं माणूस वाचवला." मला नारळ आणि शाल. टाळ्या. मी शाल घेतली. वही खिशात होती, वहीत नऊ ह होते, आणि मी मान झुकवून शाल घेतली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मामाही होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. नंतर भेटले की हवापाण्याचं बोलत. हापशाची गोष्ट मी पुढे शंभर ठिकाणी रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले. ती मी नेहमी कळशीपाशी संपवत असे. ह ची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

त्या जागी पुढे काँक्रीटचं अस्तर झालं, अस्तराआड नवे कान बसले. दर हिवाळ्यात मी ते तपासायला जातो. आणि यंदा ते तीन ठोके.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. गाडी काढून सकाळीच डोंगरावर गेलो. पाण्याचं आवर्तन बंद होतं, बोगदा रिकामा करून आत गाळ काढायचं काम चालू होतं. शेतात तीच आगटी, तोच सरळ धूर. हापसा कधीच उपटून नेलेला. जमिनीतून हातभर वर आलेला पाइप तेवढा उरला होता, त्याला लोखंडी झाकण. पाइपाशेजारी मार्थामामी बसल्या होत्या, हातात गुळगुळीत गोटा.

"मामी, हे तुम्ही करता?"

"तुमाला ऐकू येतं व्हय?"

"नगरपर्यंत."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "त्ये जायच्या आदी म्हनले हुते, दगडाला इचारत ऱ्हावं मानसानं. इतके दिस गुडघ्यानं वर यायला हुत न्हवतं. आता हुरड्याला आले, म्हनलं इचारावं."

मी खाली बसलो. इतक्या वर्षांनी ते आपोआपच तोंडून निघालं. "मामी, त्या दिवशी मी मामांना हुरड्याला बोलवायला गेलो नव्हतो."

"म्हाईत हाय की. हुरड्याला बोलवाया कुनी चपला सोडून पळतं व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. ह, रकाना, शाल. मामी कणीस चोळत होत्या. दाणे पत्रावळीवर टाकून म्हणाल्या, "त्यांनी मला येवढंच सांगितलं, सायेब आत आला. भाईर ऱ्हाता आलं आसतं, पन आत आला. चूक त्ये सोताची म्हनून सांगायचे. आपुन हसलो नसतो तर सायेब बोलला आसता, म्हनायचे."

अकरा वाजले. मामींनी गोटा उचलला आणि झाकणावर तीन ठोके दिले. माझ्या खिशातला मोबाईल थरथरला; रेघ आली. मी नुसताच हात पाइपवर ठेवला, थंड लोखंड. मामी कणसं उलटत होत्या.

तळहाताखाली एक हिसका बसला.

मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ.

मामींनी कणीस ठेवून पाइपवर बोट टेकलं होतं. त्यांनाही कळलं होतं. मी मोबाईल काढला. या वेळी खोलीचा आकडा बघितला, अस्तराच्या अगदी लगतचा होता. नंबर लावला, छताशी ठोके येतायत म्हणून सांगितलं. बोगद्यावर आता तरुण इंजिनिअर आहेत, हुशार, माझी हापशाची गोष्ट त्यांनी माझ्याच तोंडून दोनदा ऐकलेली.

"सर, आत बारा माणसं आहेत. नक्की झालंय काय?"

"नक्की मला माहीत नाही."

 पलीकडच्या आवाजात दाबलेलं हसू. "हापसा तर नाही ना, सर?"

"हापसाच असेल," मी म्हणालो. "तुम्ही बाराही माणसं बाहेर काढा. मग सगळे मिळून हसू."

मामींनी आगटीत आणखी कणसं टाकली. मोजून टाकत होत्या, ओठ हलत होते. माझा हात पाइपवरच होता. हिसके येत राहिले, वेडेवाकडे, थांबून थांबून. मग फोन वाजला. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"आले सगळे बाहेर, सर."

"मोजले?"

"मोजले. बारा. हसतायत तुम्हाला."

"हसू द्या," मी म्हणालो.

तळहाताखालचा पाइप मघाशीच गप झाला होता.